बेळगावात भाड्याचं घर बघताना : एप्रिलच्या भिंतीत जुलैचा पाऊस

आमचं वडगावातलं पहिलं भाड्याचं घर आम्ही एप्रिलमध्ये बघितलं. भिंतींना ताजा फिकट पिवळा डिस्टेंपर, खिडकीतून आत आलेलं ऊन, मालकीणबाईंनी पुढं केलेलं कोकम सरबत. पंधरा मिनिटांत घर पसंत, विसाव्या मिनिटाला ॲडव्हान्स त्यांच्या हातात. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईची लोखंडी ट्रंक भिंतीपासून पुढं ओढली, तर मागची भिंत गुडघ्यापर्यंत काळी पडलेली आणि ट्रंकेतल्या गोधडीला बुरशी. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "पावसाळ्यात सगळ्यांच्याच घरात असतंय की वो ते." अगदीच खोटं नव्हतं. पण काही घरांत नसतंही, आणि ते एप्रिलमध्येच ओळखता येतं, हे मला पुढची चार घरं बदलताना कळत गेलं.

आपल्याकडं घर बदलायचा हंगाम म्हणजे परीक्षा संपल्यापासून मेअखेर शाळा उघडेपर्यंतचा. म्हणजे घर आपण नेमकं त्याच्या सगळ्यात चांगल्या दिवसांत बघतो. भिंती वाळलेल्या, अंगण कोरडं, नाल्याला पाणी नाही, डास कमी. म्हणून खाली जे सांगतोय ते सगळं एकाच हिशेबानं : या घराचे वाईट दिवस कसे असतील, ते आज शोधायचे.

सोबत काय न्यायचं

बॅटरी, टेस्टर, मोबाइलचा चार्जर, मोजायची टेप, एक गोटी आणि एक माणूस. माणूस असा हवा, की ज्याला घर अजून आवडलेलं नाही. आमच्यात हे काम बायकोचं. मी मालकांशी गाव, आडनाव, पाहुणे असं बोलत बसतो. ती तोवर कपाटं उघडते. दोघंही बोलत बसलात, तर घर बघायचं राहूनच जातं.

आधी जमीन आणि गल्ली, मग घर

दाराचं कुलूप उघडायच्या आधी दहा मिनिटं गल्लीत चाला. बेळगावची जमीन सगळीकडं सारखी नाही. पश्चिमेला हिंडलगा, गणेशपूरच्या बाजूला तांबडी माती जास्त. शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात काळी. ज्या शेतांत बेळगावचा बासमती पिकायचा, त्यांच्या कडेकडेनं आता प्लॉट पडलेत. भाताचं शेत म्हणजे पाणी धरून ठेवणारी जमीन. भाताला जे चांगलं, ते पायाला चांगलं नाही. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरच्या घराला दरवर्षी थोडं थोडं हलवते. तेव्हा नव्या वसाहतीतलं घर असेल, तर "इथं आधी काय होतं?" हा पहिला प्रश्न. शेत होतं असं उत्तर आलं, तर भर किती घातली, आणि घराचं जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे, तेही बघा. रस्ता डांबराचे थर चढून वर आलाय आणि उंबरा खाली गेलाय, अशी घरं जुन्या गल्ल्यांतही सापडतात. पावसाचं पाणी मग सरळ पडवीत.

बळ्ळारी नाल्याच्या आसपास, किंवा कुठल्याही ओढ्या-नाल्याच्या बाजूला घर असेल, तर मालकांना नव्हे, समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा : "एकोणीसला पाणी कुठवर आलं होतं?" ऑगस्ट २०१९ चा पूर सगळ्यांच्या ध्यानात आहे. माणूस तोंडानं उत्तर देत नाही, हातानं भिंतीवर उंची दाखवतो. तीच खरी माहिती. निपाणी, चिक्कोडी, रायबाग, अथणीकडं कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा यांच्या काठाला घर बघत असाल, तर २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षांचं विचारायचं. एका वर्षी वाचलेलं घर दुसऱ्या वर्षी बुडालेलं असू शकतं.

आता आवाज. शहापूर, वडगाव, खासबागेत यंत्रमागाची खटखट असते. ज्याचा जन्म त्यात गेला त्याला ती ऐकूही येत नाही. बाहेरून आलेल्याला पहिले दोन महिने झोप लागत नाही. शेजारच्या भिंतीपलीकडं माग आहे का, ते विचारा. माग असेल, तर भिंतीला तळहात लावून बघा, थरथर लागते. आणि माग बंद असलेल्या दिवशी किंवा लाइट गेलेली असताना घर बघून निर्णय घेऊ नका. मी घेतलाय. टिळकवाडीत रेल्वे गेटजवळ असाल, तर गाड्यांचा आवाज आणि गेट पडल्यावरची हॉर्नांची रांग, दोन्ही हिशेबात धरा. निपाणीत घराजवळ तंबाखूची वखार असेल आणि घरात कुणाला दमा असेल, तर वखार भरलेली असताना एकदा जाऊन तिथला खाट, म्हणजे तंबाखूचा उग्र वास, सहन होतोय का बघा.

गणपतीचा मांडव कुठं पडतो, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. दारासमोर पडत असेल, तर तितके दिवस गाडी बाहेर काढता येत नाही आणि स्पीकर थेट खिडकीत. मला स्वतःला ते आवडतं. पण घरात तान्हं मूल किंवा आजारी माणूस असेल, तर आधी माहीत असलेलं बरं.

घर दोनदा बघा. एकदा दुपारी उजेडात, एकदा संध्याकाळी सात-आठला. संध्याकाळी डास कळतात, गल्लीत दिवे आहेत का कळतं, शेजारी कळतात, आणि गाडी कुठं लावायची यावरून इथं भांडणं होतात का, तेही कळतं.

भिंती : जिथं रंग पोचलेला नाही तिथं बघा

या भागात सगळ्यात जास्त वेळ भिंतींना द्यायचा. आपल्याकडची बरीच जुनी घरं चिऱ्याची किंवा मातीच्या भिंतींची. चिरा सच्छिद्र असतो, पाणी पितो. बाहेरून गिलावा तडकला असेल, तर आतली भिंत पावसाळाभर ओली राहते.

भाड्यानं द्यायच्या आधी मालक रंग देतात. त्यात वाईट काही नाही, पण रंग हा पुरावा झाकतो. म्हणून रंगाऱ्याचा ब्रश जिथं गेलेला नसतो, तिथं जा. भिंतीतल्या कपाटाच्या आत, माळ्यावर, दाराच्या मागं, जिन्याखाली, ओट्याखाली, मीटरच्या लाकडी फळीच्या मागं. कपाट उघडून डोकं आत घाला आणि वास घ्या. कुबट, ओल्या पोत्यासारखा वास आला, तर बाहेरच्या पिवळ्या डिस्टेंपरवर विश्वास ठेवू नका. जमलं तर एका खोलीची दारं-खिडक्या दहा मिनिटं बंद करून बाहेर थांबा, मग उघडून लगेच आत या. पहिल्या श्वासात जे कळतं ते नंतर नाक मरल्यावर कळत नाही.

मग बॅटरी भिंतीला चिकटवून आडवी धरा. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर आडव्या उजेडात फुगवटे, पोपडे, लिंपलेल्या भेगा सगळं सावलीसकट उठून दिसतं. हाताची मूठ करून ठोका; गिलावा सुटला असेल तिथं पोकळ आवाज येतो.

ओल चार ठिकाणांहून येते आणि कुठून येते त्यावर निर्णय ठरतो. छतातून आलेली ओल वरून खाली येते, तपकिरी कडेचं गोल वर्तुळ पडतं. हिचा इलाज आहे. गच्चीवर काम केलं की थांबते. शेजारच्या न्हाणीघरातून आलेली ओल नळाच्या उंचीवर डाग धरते. हिचाही इलाज आहे, पण मालकाला फरशी फोडावी लागते, आणि ते "पुढच्या वर्षी" करतात. बाहेरच्या भिंतीतून आलेली ओल बहुतेक पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीला असते, कारण आपला पाऊस वाऱ्यासकट त्याच बाजूनं झोडपतो. चौथी जमिनीतून वर चढणारी. ती भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत, जवळजवळ सरळ रेषेत थांबते, आणि उन्हाळ्यात तिथं पांढरा लोणा फुटतो. बोट फिरवलं की पिठासारखा हाताला लागतो. ही ओल भाडेकरूच्या हयातीत जात नाही. ती दिसली की मी नमस्कार करून बाहेर पडतो. ट्रंकेमागची आमची भिंत याच जातीची होती.

एक खूण मला फार उशिरा कळली. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून जा आणि वर बघा. छपराखाली खिळ्यांची किंवा हुकांची रांग दिसली, कुठं सुतळीचा तुकडा लटकत असला, तर या भिंतीला दर पावसाळ्यात ताडपत्री बांधली जाते. म्हणजे भिंत पाणी घेते, हे मालकांना ठाऊक आहे. मग सरळ विचारायचं : "ताडपत्री तुम्ही बांधता की भाडेकरू?" या प्रश्नानंतर मालकांचा बोलायचा सूर बदलतो. हा बाबा बघून आलाय, हे त्यांना कळतं.

भेगांचं थोडक्यात. गिलाव्यावरच्या केसासारख्या रेघा सोडून द्या. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, दहाच्या नाण्याची कड आत जाईल एवढी भेग मात्र पाया हलल्याची. काळ्या जमिनीवर अशी भेग बुजवली, तरी पुढच्या उन्हाळ्यात परत उघडते.

छप्पर

स्लॅबचं घर असेल, तर गच्चीवर जाऊनच या. "वर जायची किल्ली नाही" म्हणाले, तर किल्ली मिळाल्यावर परत येतो म्हणा. वर पाणी साठल्याचे काळे डाग, शेवाळ, पन्हाळीच्या तोंडाशी अडकलेला पाला, कठड्याच्या फटीत उगवलेलं पिंपळाचं रोप, या चार गोष्टी बघायच्या. पिंपळ लहान दिसतो, पण मूळ आत गेलेलं असतं आणि पाणी त्याच वाटेनं येतं.

कौलारू घर उन्हाळ्यात थंड, पावसाळ्यात कटकटीचं. खानापूर तालुक्यात, लोंढा-कणकुंबीकडं पाऊस शहराच्या मानानं खूपच जास्त. तिथं कौलं दरवर्षी पावसाआधी परतून घ्यावी लागतात. ती कोण परतून घेणार आणि फुटकी कौलं कोण आणणार, हे बोलून ठेवा. भर दुपारी आत उभे राहून वर बघा : कुठं कुठं उजेडाचे ठिपके दिसतात? जितके ठिपके तितकी भांडी पावसाळ्यात खाली लावायची. आणि वासे-तुळयांवर मातीच्या बारीक नळ्या चढलेल्या दिसल्या तर ती वाळवी. लाकडात चाकूचं टोक सहज घुसतं का बघा.

पत्र्याचं छत असेल, तर दुपारी दोनला बघा. बाकी काही सांगायची गरज पडणार नाही.

पाणी

भिंतींनंतर सगळ्यात जास्त फसगत पाण्यात होते. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांतून पाणी येतं. २००८ च्या सुमारास काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना सुरू झाली, बाकी ठिकाणी पाणी दिवसांच्या अंतरानं सुटतं. म्हणून "पाणी भरपूर आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. प्रश्न असे विचारा : किती दिवसांनी सुटतं? किती वाजता? किती वेळ राहतं? एप्रिल-मेमध्ये अंतर किती वाढतं? आणि ही उत्तरं शेजारच्या वैनींकडून तपासून घ्या, कारण रात्री उठून पाणी भरणाऱ्या त्या असतात. आमच्या दुसऱ्या घरात पाणी पहाटे तीनला यायचं. मालकांनी "सकाळी येतं" असं सांगितलेलं होतं.

मग साठवण. जमिनीतला संप, म्हणजे खालची टाकी, किती मोठा, वरची टाकी किती लिटरची, आणि दोन्ही तुमच्या एकट्याच्या की सगळ्यांच्या? चार जणांच्या घराला अंघोळ, धुणं, भांडी, संडास धरून दिवसाला चारशे-पाचशे लिटर सहज लागतात. पाणी चार दिवसांनी येणार आणि टाकी हजाराची, तर वजाबाकी तुम्हीच करा. संपाचं झाकण उघडून आत बॅटरी मारा. तळाला गाळ किती, भिंतीला तडा आहे का, आणि शेजारून गटार जातंय का. गटार आणि संप यांच्यात दोन हातांचंही अंतर नसेल, तर ते पाणी प्यायला नको.

बोअरचं पाणी असेल, तर नळाच्या तोटीवर, न्हाणीघराच्या टाइल्सवर पांढरा खडूसारखा थर आहे का बघा. असेल तर पाणी जड. डाळ शिजायला वेळ, केसांची तक्रार, गीझरची कॉइल लवकर जाणार. बोअर उन्हाळ्यात आटतं का, तेही विचारा.

आता प्रत्यक्ष करून बघायचं. न्हाणीघरातला नळ पूर्ण सोडून पंधरा लिटरची बादली खाली ठेवा आणि घड्याळ लावा. दीड मिनिटात भरली तर ठीक. तीन मिनिटं लागली, तर पाइप गंजलेले आहेत किंवा टाकी पुरेशा उंचीवर नाही. त्याच वेळी स्वयंपाकघरातला नळही सोडा. एकाचं पाणी बंद पडतं का ते दिसेल.

मोटरचा खर्च हे भांडणाचं मूळ. मोटर कुणाच्या मीटरवर? एक संप, तीन बिऱ्हाडं आणि मोटर तळमजल्याच्या मीटरवर असली, आणि तळमजल्यावर तुम्हीच असलात, तर सगळ्यांचं पाणी तुमच्या बिलावर चढतं. हे आधी लिहून घ्या.

वीज

इथली वीज हेस्कॉमची, म्हणजे हुबळीच्या सरकारी वीज कंपनीची. प्रत्येक जोडणीला आरआर नंबर असतो. मालकांकडून मागची दोन-तीन बिलं मागून घ्या आणि बिलावरचा आरआर नंबर मीटरवरच्या नंबराशी जुळवा. बिल कन्नडमध्ये असतं, पण आकडे वाचता येतात आणि "बाकी" हा शब्द कन्नडमध्येही बाकीच. थकबाकी असेल, तर ती फेडल्याची पावती बघूनच पुढं चला.

तुमच्या घराला स्वतंत्र मीटर आहे की मालकांच्या मीटरवर सबमीटर, हा मोठा फरक आहे. कारण कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजना आहे. घरगुती जोडणीला आधीच्या वापरावरून ठरलेल्या मर्यादेपर्यंत, जास्तीत जास्त २०० युनिटपर्यंत, वीज मोफत. भाडेकरूलाही हा लाभ मिळतो. पण तो आरआर नंबरला आधार जोडल्यावर. सबमीटरवाल्याच्या नावानं वेगळा लाभ नाही. उलट सगळी बिऱ्हाडं एकाच मीटरवर असली की वापर २०० च्या पुढं जातो आणि पूर्ण बिल येतं. आधीच्या भाडेकरूचं आधार त्या नंबरला जोडलेलं असेल, तर ते राज्य सरकारच्या सेवा सिंधू पोर्टलवरून काढून घ्यायला लावा. तो माणूस गाव सोडून गेल्यावर फोन उचलेलच असं नाही. म्हणून हे काम डिपॉझिट द्यायच्या आधी.

मीटरची एक सोपी परीक्षा : घरातले सगळे दिवे, पंखे, फ्रिज बंद करा आणि मीटरवरचा लाल दिवा बघा. सगळं बंद असूनही तो लुकलुकतोय, म्हणजे कुठंतरी वीज जातेय. वायर खराब असेल, किंवा जिन्यातला दिवा आणि मोटर तुमच्या मीटरवर असेल. प्रत्येक प्लगमध्ये चार्जर लावून बघा. गीझरसाठी मोठा सोळा ॲम्पिअरचा प्लग आहे का, अर्थिंग आहे का, मेनमध्ये शॉक लागल्यावर लाइट पाडणारा स्विच आहे का, हे ओळखीच्या वायरमनला शंभर-दोनशे देऊन तपासून घेतलेलं बरं. ओल्या भिंती आणि जुनी वायरिंग ही जोडी जीवघेणी आहे. इथं काटकसर नको.

न्हाणीघर, संडास, ओटा

न्हाणीघरात कोपऱ्यात एक बादली पाणी ओता आणि बघत राहा. पाणी मोरीकडं गेलं पाहिजे, दाराकडं नाही. हॉलच्या फरशीवर गोटी सोडा. ती वेगानं एका कोपऱ्याकडं पळाली, तर त्या कोपऱ्यातल्या भिंतीची भेग परत एकदा बघा. संडासाचा फ्लश दोनदा ओढा, दुसऱ्या वेळेपर्यंत टाकी किती वेळात भरते बघा. संडास ड्रेनेजला जोडलाय की सेप्टिक टँकला? टँक असेल तर तो कधी उपसला आणि उपसायचे पैसे कोण देणार, ते विचारा. घर बरेच दिवस बंद असेल, तर मोरीतून वास येतो, कारण जाळीखालचं पाणी वाळलेलं असतं. पाणी ओतून पंधरा मिनिटांनीही वास येत असेल, तर मात्र पाइपातच दोष.

ओट्याचा कडप्पा तडकलाय का, सिंकखाली ओल आहे का, सिलिंडर ठेवायच्या जागेला हवा लागते का. फ्रिजची, कपाटाची, पलंगाची मापं टेपनं घ्या. आमचं सासरकडून आलेलं सागवानी कपाट तिसऱ्या घराच्या जिन्यात अडकलं आणि शेवटी गॅलरीतून दोरानं वर चढवलं. सगळी गल्ली बघायला जमली होती.

दारं, कड्या, खिडक्यांच्या जाळ्या एकेक उघडून-लावून बघा. उन्हाळ्यात सैल बसणारं लाकडी दार पावसाळ्यात फुगतं, त्यामुळं आत्ताच घट्ट असेल, तर जुलैत ते लागणारच नाही.

मालक, नियम आणि खाणंपिणं

लाजू नका, थेट विचारा. मटण-मासे चालतात का? पाहुणे राहायला आले तर? रात्री फाटक किती वाजता बंद होतं? गच्चीवर वाळवण घालता येईल का? शाकाहारी मालकांची अट त्यांच्या जागी बरोबर असते, पण ती तुम्हाला राहायला आल्यावर वशाटाच्या पहिल्या रविवारी कळू नये. उद्यमबागेत कारखान्यात शिफ्टची नोकरी असेल, तर रात्री बारानंतर येणं-जाणं होणार, हे आधीच सांगून टाका.

आणि आधीचे भाडेकरू का गेले, हे मालकांना आणि शेजाऱ्यांना वेगवेगळं विचारा. दोन उत्तरं जुळली तर छान. नाही जुळली, तर शेजाऱ्यांचं धरा.

कागद

चंदगड, कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी एक लक्षात ठेवायचं : महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवावाच लागतो. इथं बहुतेक करार अकरा महिन्यांचे होतात, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार नोंदवणं बंधनकारक आहे. अकरा महिन्यांचा असला, तरी ई-स्टॅम्पवर, दोघांच्या आणि साक्षीदारांच्या सह्यांनी करा. करार कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर सही करायच्या आधी वाचून दाखवेल असा आपला माणूस सोबत न्या. ओळ-ओळ वाचून घ्यायला मालक नाही म्हणत नाहीत. "मने बाडिगेगे इदे" (घर भाड्यानं आहे) ही पाटी वाचता येते म्हणून करार वाचता येतो असं होत नाही.

करारात काय हवं? भाडं, तारीख, दरवर्षीची वाढ, डिपॉझिट आणि ते किती दिवसांत परत मिळणार, रंगासाठी किती कापणार. बऱ्याच ठिकाणी सोडताना एका महिन्याचं भाडं रंगाच्या नावानं कापतात. ती बोली आधीच करा. घर सोडायची नोटीस किती दिवसांची, तेही लिहा. काहीच लिहिलेलं नसलं, तर महिन्याच्या भाड्यावरच्या घराला मालमत्ता हस्तांतरण कायद्यात फक्त पंधरा दिवसांची नोटीस आहे, आणि पंधरा दिवसांत दुसरं घर शोधायचं म्हणजे परत एप्रिलमधल्यासारखी चूक. याच १८८२ च्या कायद्याच्या १०८ कलमात दोन गोष्टी भाडेकरूच्या बाजूच्या आहेत : नेहमीच्या काळजीनं भाडेकरूला दिसू शकणार नाही असा मोठा दोष मालकाला ठाऊक असेल, तर त्यानं तो सांगायचा असतो, आणि जी दुरुस्ती करायला तो बांधील आहे, ती नोटीस देऊनही वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. म्हणून कुठली दुरुस्ती कुणाची, हे करारात स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "मेंटेनन्स भाडेकरूचा" लिहिलेलं असेल, तर खोडून घ्या.

लीजवर घर घेणार असाल, तर सावध. इथं बऱ्याच जणांना ही पद्धत सोयीची वाटते : एकरकमी काही लाख मालकांना द्यायचे, दोन-तीन वर्षं भाडं नाही, सोडताना पूर्ण रक्कम परत. पण ती रक्कम तुमच्या आयुष्याची पुंजी असते आणि मालकांनी ती कुठंतरी खर्च केलेली असते. घरावर बँकेचं कर्ज असेल आणि ते थकलं, तर जप्ती घरावर येते. त्यामुळं आधी उतारा बघा, घरपट्टीची पावती बघा, त्यांवरचं नाव आणि पैसे घेणाऱ्याचं नाव एकच आहे का बघा. उपनिबंधक कार्यालयातून किंवा कावेरी पोर्टलवरून बोजा दाखला, ज्याला सगळे ईसी म्हणतात, तो काढा. दोन-तीन वर्षांची लीज ही वर्षावरची आहे, म्हणजे तिची नोंदणी झालीच पाहिजे. "नोंदणीचा खर्च कशाला, आपण घरचेच" असं म्हणणाऱ्याला रक्कम देऊ नका. घरच्यांमधलेच दावे कोर्टात जास्त वर्षं चालतात.

किल्ली हातात घेताना

सामान आत यायच्या आधी रिकाम्या घराचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. सावकाश, खोली-खोलीनं, भिंतींचे डाग, तुटकी फरशी, नळ, खिडक्यांच्या काचा, मीटरचं रीडिंग, आणि शेवटी स्वतःच्या तोंडानं तारीख. तोच व्हिडिओ त्याच दिवशी मालकांना व्हॉट्सॲपवर पाठवा. पंखे किती, ट्यूब किती, किल्ल्या किती, ही यादी करारामागं जोडून दोघांच्या सह्या घ्या. डिपॉझिट बँकेतून द्या, रोख द्यायचंच झालं तर पावती घ्या.

दाराचं कुलूप बदला. आधीच्या भाडेकरूकडं, त्याच्या मेव्हण्याकडं, दुधवाल्याकडं किती किल्ल्या राहिल्यात कुणाला ठाऊक. जुनं कुलूप पिशवीत घालून मालकांकडं द्या, आणि ट्रंक लावायचीच असेल, तर भिंतीपासून चार बोटं पुढं लावा.